चष्म्याच्या घरातला अनंत

माझ्या तोंडून हे ऐकणे तुम्हाला जड जाईल, पण चहा हातात आहे तोवर ऐकूनच घ्या: मी चोरी केली आहे. एकदा नव्हे, दोनदा. आणि पहिल्या वेळी ती इतकी वाईट केली, की जिच्याकडे चोरी केली तिलाच माझी कीव आली.

अडतीस वर्षे मी शाळेत शिकवले. दुसऱ्याच्या दप्तरातले खोडरबर उचलणाऱ्याकडून ‘न विचारता घेतलेली वस्तू म्हणजे चोरी’ हे वाक्य शंभर वेळा लिहून घेणारी बाई ती मीच. आजही डहाणूच्या बाजारात पन्नाशीचा एखादा गृहस्थ मला पाहून हातातली विडी पाठीमागे नेतो. अशा माझ्या हातात शेवटी भरतकामाची कात्री आली आणि नजरेत चोराची भीती आली. आता हे घडले कसे, ते नीट क्रमाने सांगते. क्रम सोडून बोललेले मला आवडत नाही.

निवृत्तीनंतर मी एका बागवेड्या मंडळात सामील झाले. मंडळाचे नाव ‘परसदार’. सभासद नऊ. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी एकेकाच्या घरी बैठक, थोडी झाडांची चर्चा, थोडे खाणे, चहा. किनाऱ्याजवळ राहणारी जयवंती त्यात होती. तिची मुले माझ्या हाताखालून गेलेली. सकाळी टोपली घेऊन मासे विकायची आणि दुपारी माशांच्या रिकाम्या थर्माकोलच्या खोक्यांत अशी फुलझाडे वाढवायची, की पाहत राहावे. सायवनचा लक्ष्मण होता. भात-नागलीची शेती करणारा, माझाच जुना विद्यार्थी. आणि तलासरीच्या पलीकडून, वेवजीहून येणाऱ्या हंसाबेन होत्या. त्यांचे मराठी अर्ध्या वाक्यात सीमा ओलांडून गुजरातीत जाई. मी त्यांना दोनदा दुरुस्त केले, मग सोडून दिले. त्या मला प्रत्येक वेळी गूळ-तुपाची सुखडी आणत असत.

मंडळात मला दोन गोष्टी खटकत. पहिली, चहा. नऊ माणसांच्या चहाला पंचवीस मिनिटे? यजमान ‘आलेच हं’ म्हणून आत जात, ते जणू चहाचा मळा लावूनच परत येत. मला हा ढिसाळपणा सोसत नसे. म्हणून प्रत्येक घरी मी पदर खोचून स्वयंपाकघरात शिरे आणि सात मिनिटांत चहा बाहेर आणवीत असे. माझ्या या तत्परतेचे कुणी कधी कौतुक केले नाही. उलट चेहरे पडत.

दुसरी गोष्ट म्हणजे माझ्या फांद्या जगत नसत. कुणाकडे काही आवडले, की मी रीतसर मागत असे. दुसऱ्या दिवशी आभाराची चिठ्ठीही पाठवीत असे. अशा सतरा फांद्या मी लावल्या. सोळा वाळल्या आणि सतरावी शेळीने खाल्ली. बाकीच्यांकडे मात्र एकमेकांची झाडे तणासारखी फोफावत होती. लक्ष्मणकडे जयवंतीची जास्वंद, जयवंतीकडे हंसाबेनचा मोगरा. मागताना तर मी कुणालाच पाहिले नव्हते!

माझ्याकडे एकच झाड होते, ज्याच्यापुढे सगळे मंडळ गप्प होई. माझा अनंत. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी कोसबाडला होते. तिथल्या वडीलधाऱ्या बाईंनी बदलीच्या दिवशी त्यांच्या दारच्या अनंताची फांदी माझ्या हातात ठेवली होती. त्या बाई आज नाहीत, ते मूळ झाडही नाही. ती फांदी माझ्या अंगणात छपराला टेकली होती. अनंत फुलायला लागला, की गल्लीच्या टोकाला समजत असे. सगळे त्याच्याभोवती उभे राहत, पण फांदी कुणी मागत नसे. मी मनातून वाट पाहत होते. थोडे दुखतही होते.

मग दोन वर्षांपूर्वीच्या आषाढात बैठक माझ्या घरी आली.

मी चहा आधीच करून थर्मासमध्ये भरून ठेवला होता. व्यवस्था म्हणतात ती ही! पाहुणे सात आले. मी त्यांच्यासमोर खुर्ची टाकून बसले आणि जागची हलले नाही. मंडळी मात्र अस्वस्थ. जयवंतीने पाणी मागितले; तांब्या तयार होता. हंसाबेनना मीठ हवे झाले. मीठही टेबलावर होते. कुणी वर्तमानपत्र मागितले, ते माझ्या हाताखालीच होते. शेवटी लक्ष्मणने डोके खाजवत विचारले, “बाई, माझी सातवीतली निबंधाची वही तुम्ही ठेवली होती ना? बघायला मिळेल?”

मला भरून आले. पस्तीस वर्षांनी विद्यार्थ्याला निबंध आठवावा! मी आत गेले, माळ्यावरची पेटी काढली, वही शोधली. चांगली वीस मिनिटे गेली. बाहेर आले तर सगळ्यांचे चेहरे उजळलेले आणि सगळ्यांना एकाएकी घरी जायची घाई. लक्ष्मणने वही उघडलीसुद्धा नाही.

संध्याकाळी पाणी घालताना मी पाहिले. अनंतावर सात तिरके छाट होते. स्वच्छ, ताजे, सराईत हातांनी घेतलेले.

आता एखादी समंजस बाई काय करील? हसून सोडून देईल. मी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर सूचना टाकली: ‘सर्व सभासदांस कळविण्यात येते की, आमच्या अंगणातील अनंताच्या सात फांद्या विनापरवानगी नेण्यात आल्या आहेत. संबंधितांनी लेखी खुलासा करावा.’ उत्तरादाखल हंसाबेननी सूर्योदयाचे चित्र आणि सुप्रभात पाठवले. तेही रात्रीच्या जेवणाच्या वेळेला. बाकी शांतता.

श्रावणातली बैठक सायवनला, लक्ष्मणच्या अंगणात होती. त्याच्या बायकोने पानांवर नागलीची भाकरी आणि रानभाजी वाढली होती. पहिला घास घेण्याआधीच मी उभी राहिले आणि म्हणाले की, चोर या पंगतीत बसला आहे. त्याने आपण होऊन सांगावे, नाहीतर मला पिशव्या पाहाव्या लागतील.

खरेच असे म्हणाले मी. आज आठवले तरी कानशिले तापतात.

हंसाबेननी निमूटपणे पर्स उघडली. आत ओल्या रुमालात गुंडाळलेली एक फांदी होती. माझी नव्हे, लक्ष्मणच्या कण्हेरीची. मी यायच्या आधी तोडलेली. लक्ष्मणने ती पाहिली आणि तो चक्क लाजला. जणू त्याच्या मुलीला स्थळ आले होते.

“अरे बेन,” हंसाबेन मला म्हणाल्या, “मागेलुं न उगे. चोरेलुं ज उगे.”

मग जयवंतीने सगळे उलगडून सांगितले. मागून घेतलेली फांदी रुसते, आभार मानले तर मरते, आणि चोरलेली मात्र हमखास जगते. म्हणून तर यजमान चहाच्या निमित्ताने आत जाऊन बसतो. ज्याच्या झाडाची फांदी चोरीला जाते त्याचा तो मान. आणि चोरलेल्या फांदीबद्दल पुढे कुणी अवाक्षर काढायचे नाही, चोराने नाही आणि धन्यानेही नाही.

“तुमचा अनंत तर आम्ही सातही जणांनी नेला, बाई,” ती म्हणाली. “एवढा मान अजून कुणाला मिळाला नाही.”

इथे तरी मी बसायला हवे होते की नाही? पण मला अडतीस वर्षांच्या नोकरीने उभे राहायला शिकवले होते, खाली बसायला नाही. ही अंधश्रद्धा आहे, आणि चोरीला मान म्हटल्याने ती मान होत नाही, असे मी बजावले. चोरांच्या पंगतीत मी जेवणार नाही, असेही म्हणाले.

“चोर म्हणालात, चालेल,” जयवंती म्हणाली. “पण पंगतीतून उठू नका, बाई.”

मी उठले. भाकरी तशीच टाकून एसटीने परत आले. तत्त्वाला भूक लागते, हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात नव्हते. घरी पोचल्यावर मंडळाचा गट सोडला आणि चार केळी खाल्ली.

मग दुसरा रविवार आला, आणि माझ्या लक्षात आले की मला कुठेच जायचे नाही. पुढच्या महिन्यातही आला. फोन वाजे तो बँकेचा. जयवंती रोज सकाळी टोपली घेऊन गल्लीतून जाई. पूर्वी माझ्या पायरीवर टेकत असे, आता हाक मारत नसे. तिचे बरोबर होते. मी अनंताजवळ खुर्ची टाकून बसे आणि त्याला सांगे की, आपण दोघे पुरेसे आहोत. झाडाने काही मत दिले नाही.

दिवाळीनंतर अनंताला खत घालायची वेळ झाली. दरवर्षी जयवंती मला सुक्या बोंबलांचा चुरा आणून देत असे: डोकी, शेपट्या, तुकडे. अनंत त्यावर असा तरारे, की काय विचारता! यंदा तो तिच्याकडे मागायचा कसा? पण माझे कुणावाचून अडत नाही, हे सिद्ध करायलाच हवे होते. डहाणूच्या बाजारात कुणी पाहील म्हणून मी थेट तलासरीच्या बाजारात गेले आणि एका अनोळखी मासेवालीकडून सुक्या माशांचा चुरा पिशवी भरून घेतला.

तिने विचारले, “बाई, घरात मांजरं किती?”

मी म्हणाले की, हे खत आहे. तेव्हा ती घाईने म्हणाली की, हा मिठातला माल आहे, खारा आहे. यावर मी काय उत्तर दिले असेल? मी म्हणाले, “खताला चव लागत नाही.”

लावले की नाही मी तिला व्याकरणशुद्ध वाटेला!

तीन डबे चुरा मी अनंताच्या बुंध्याशी पुरला. माप अचूक, खड्डा अचूक, पाणी अचूक. दुसऱ्या सकाळी अंगणात अकरा मांजरे होती. तिसऱ्या दिवशी मी मोजणे सोडले. आठवड्यात अनंताच्या पानांचे शेंडे करपले. मी आणखी एक डबा घातला. अशक्त मुलाला जास्त खाऊ घालतात ना, तसे.

पंधराव्या दिवशी पाने गळू लागली. त्या सकाळी जयवंती गल्लीतून जाताना थांबली. मांजरांकडे पाहिले, वास घेतला आणि फाटक उघडून आत आली. टोपली पायरीवर ठेवली, बुंध्याशी वाकली, चिमूटभर माती उचलली आणि जिभेवर ठेवली.

“बाई,” ती हळूच म्हणाली, “हे खारं आहे.”

बोंबील नुसता वाऱ्यावर सुकतो, त्याला मीठ लागत नाही. म्हणून त्याचा चुरा झाडाला चालतो. मिठातला मासा मात्र झाडाचा जीव घेतो. किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असते. माझ्याच शाळेत शिकलेल्या कितीतरी मुलांना माहीत असेल. मी त्यांना कधी विचारलेच नव्हते. शिकवायचे काम माझे होते ना!

ती रागावली नाही. त्या दिवसाचे मासे तिने गल्लीतच कमी भावाने विकून टाकले आणि लक्ष्मणला फोन केला. तो दुपारपर्यंत सायवनहून कुदळ घेऊन आला. दोघांनी खारी माती उपसली, बादल्यांमागून बादल्या ओतून मुळे धुतली. संध्याकाळी वेवजीहून हंसाबेनही आल्या, डब्यात सुखडी घेऊन. मी पायरीवर बसून राहिले होते. मला कुणी काही काम सांगितले नाही, एवढी माझी पत राहिली होती.

अनंत वाचला नाही. महिन्याभरात खोडापर्यंत वाळला. लक्ष्मणने ते खोड कापले, तेव्हा तिघेही आले होते. मी म्हणाले की, कोसबाडच्या बाईंची आठवण माझ्या हातांनी संपली. आता या झाडाची एक काडीसुद्धा जगात कुठे उरली नाही.

तिघांनी एकमेकांकडे पाहिले.

“आहे की,” जयवंती म्हणाली. “सात ठिकाणी आहे.”

मला कळायला क्षणभर लागला. मग जे झाले ते सांगत नाही. निवृत्त मुख्याध्यापिकेने दिवसाउजेडी पायरीवर बसून काय केले, ते तुम्हीच समजून घ्या. डोळे पुसून मी म्हणाले, “मग मला एक फांदी दे.”

“देणार नाही.”

“जयवंती, मी चुकले. हात जोडून मागते.”

“तेच नको ना, बाई. मागू नका. एवढं माझ्या दारचं झाड जगलंय, ते काय रुसवायचंय?” ती टोपली उचलत म्हणाली. “ज्येष्ठात बैठक माझ्याकडे आहे. मला चहाला वेळ लागेल.”

सहा महिने मी त्या दिवसाची धास्ती घेतली. वर्गतपासणीचीसुद्धा कधी घेतली नव्हती. गटात मला परत घेतले होते; ‘सुस्वागतम्’ असे चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घात कुणी लिहिले, ते मी तसेच राहू दिले.

जयवंतीच्या अंगणात मासे सुकवायचे बांबूचे मांडव पावसाळ्यासाठी रिकामे होते. भिंतीकडेला थर्माकोलची खोकी ओळीने. त्यात माझा अनंत, कमरेएवढा झालेला. आम्ही बसतो न बसतो तोच जयवंती चहाला आत गेली. लगेच बाकी सगळ्यांना समुद्र पाहायचा सोस आला. जन्मभर समुद्र पाहिलेली माणसे, पण अशी टक लावून बसली, की जणू समुद्र आजच आणून ठेवला आहे. लक्ष्मण तर हंसाबेनना मोठ्याने ढगांचे प्रकार समजावून सांगत होता. सगळे चूक सांगत होता. मी दुरुस्त केले नाही, यावरून माझ्या मनःस्थितीची कल्पना करा.

फांदी लपवायला मी चष्म्याचे घर आणले होते, त्यात ओला कापूस. घर रिकामे हवे म्हणून चष्मा काढून पिशवीत ठेवलेला. कानांत माझाच आवाज घुमत होता: न विचारता घेतलेली वस्तू म्हणजे चोरी. मी डोळे मिटले, कात्री चालवली, फांदी घरात कोंबली, टपकन झाकण लावले आणि धावत येऊन खुर्चीवर बसले. त्या ‘टप’ आवाजाने लक्ष्मणचे खांदे हलले, पण त्याने समुद्रावरची नजर काढली नाही.

निघताना सवयीने मी म्हणाले, “जयवंती, तुझे फार आ…” तिने माझ्या तोंडात चिकूची फोड घातली.

फांदी जगली! मंडळात आल्यापासूनची माझी पहिली जगलेली फांदी. मी तिला सकाळ-संध्याकाळ पाहत असे. पाने तकतकीत, वाढ जोमदार. मंडळी येत, कुंडीकडे पाहत, खोकत आणि म्हणत, “छान आहे.” नियमाप्रमाणे त्यापुढे कुणी बोलत नसे. आश्विनात कळी आली. मी रोज उठून वास घेई. वास येईना. उमलेल तेव्हा येईल, असे स्वतःला समजावले.

उमलली, आणि ती तगर होती.

अनंत आणि तगर यांचा पाला दुरून सारखा दिसतो, हे खरे. पण फांदी तोडली की तगरीतून पांढरे दूध गळते, हे शेंबड्या पोरालाही… असो. मी जयवंतीला फोन केला.

“कळलं होतं,” ती म्हणाली.

“कधी?”

“तुम्ही गेल्याबरोबर. खोक्याच्या कडेवर दूध सांडलं होतं. अनंताला कात्री लागलीच नव्हती, बाजूची तगर कापलेली.”

“सगळ्यांना ठाऊक होते?”

“सगळ्यांना.”

“मग चार महिने कुणी सांगितले का नाही?”

“चोरीच्या फांदीबद्दल बोलायचं नसतं, बाई. नियम आहे.” तिकडून हसू दाबल्याचा आवाज आला. “आणि तुम्ही तिच्याकडे बघून इतक्या खूश होतात!”

मी स्वतःला नापास केले आणि यंदाच्या पावसाळ्यात पुन्हा परीक्षेला बसले. जयवंतीने तगर घरामागे नेऊन ठेवली होती. अंगणात एकटा अनंत, तोही माझ्या खुर्चीपासून हातभर अंतरावर, आणि सोयीची फांदी माझ्याच बाजूला वळवलेली. परीक्षा केंद्रावर मी जन्मात कॉपी होऊ दिली नाही. या परीक्षेत पर्यवेक्षिकेनेच उत्तर पुढ्यात मांडले होते, आणि मी ते चष्मा लावून, निर्लज्जपणे उतरवून घेतले. त्या फांदीला आता सहा पाने आहेत. कोसबाडच्या बाई माझ्या दारी परत आल्या आहेत.

गेल्या महिन्यात बैठक माझ्या घरी झाली. थर्मास माळ्यावर ठेवला. ‘आलेच हं’ म्हणून मी आत गेले आणि पस्तीस मिनिटे बाहेर आले नाही. चहा दोनदा उतू गेला. खिडकीचा पडदा तेवढा ओढून घेतला. मोह माणसाला असतोच.

बाहेर आले तेव्हा सातही जण पावसाळी आकाशाकडे पाहत होते. माझे लक्ष आधी अनंताकडे गेले. एका पानालाही कुणी हात लावला नव्हता; तो अजून लहान आहे, हे त्यांना कळत होते. मग तगरीकडे पाहिले. तिच्यावर सात तिरके छाट होते, ताजे, दूध गळणारे.

तगर हो! डहाणूत तगर कुणाच्या दारात नाही? तिच्यासाठी कोण कशाला चोरी करील?

आभार मानायचे तर झाडे मरायची. म्हणून खाली मान घालून मी कप भरत राहिले. सगळ्यांनी घोट घेतला आणि सगळे एकदम गप्प झाले. पस्तीस मिनिटांत मी साखर घालायला विसरले होते.

“बाई,” लक्ष्मण कप ठेवत म्हणाला, “चहा एकदम छान झालाय.”

धडधडीत खोटे. वर्गात असता तर त्याला बाकावर उभा केला असता. मी त्याला आणखी एक कप ओतला.